चोवीस सुतांचा उंबरा

१

खासबागेतल्या माझ्या पत्र्याच्या शेडचं कुलूप मी रोज सकाळी आठला काढतो. आधी मेन स्विच, मग झाडू, मग रंधा मशीनपुढे एक उदबत्ती. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून साठ वर्षं झाली, सकाळ अशीच जाते.

गेल्या माघात मी एक चौकट करत होतो. माझी नात सौम्या कंग्राळीत घर बांधत होती. ती इस्पितळात नर्स आहे, तिचा नवरा युवराज कॉलेजात शिकवतो. दोघंही ग्रॅनाइटची तयार चौकट आणणार होते. मी म्हणालो, "बाकीचं घर तुमच्या मनासारखं करा. पुढच्या दाराची चौकट माझ्या हातची असू दे. यापुढं मला एवढं मोठं काम व्हायचं न्हाय." सौम्या हसली आणि हो म्हणाली. गुरुवारचा मुहूर्त धरला होता.

लाकूड दांडेलीच्या डेपोचं जुनं सागवान होतं. दोन उभे दांडे, वर गणेशपट्टी, खाली उंबरा. उंबरा तीन इंच जाड, म्हणजे चोवीस सूत. उंबऱ्याला दोन भोकं पाडली आणि उभ्या दांड्यांची कुसवं, म्हणजे टोकाला काढलेल्या जिभा, त्यात बसवून पाहिली. पहिल्यांदा घट्ट झाली. पटाशीनं कागदाएवढं तासलं, पुन्हा बसवलं, पुन्हा काढलं. सहाव्या खेपेला मुठीच्या एका ठोक्यात आत गेली. आत जाताना हवा सुटल्याचा आवाज आला. तो आवाज आला की सांधा बरोबर आहे असं समजायचं.

चौकट जोडली की दोन उभ्यांच्या मधे एक तिरकी पट्टी ठोकायची, हे मला चुलत्यानं शिकवलं. त्यानं गुण्या, म्हणजे चौकटीचा काटकोन, हलत नाही. चौकट घरात उभी राहून पूजा झाली की मगच पट्टी काढायची. चुलता म्हणायचा, "पट्टी हाय तवर ते लाकूड. पट्टी काढली की ते दार. आणि दार कुणाच्या तरी येण्याजाण्यासाठीच असतंय." तो गुण्यासाठीच असं सांगतोय, असं मी धरून चाललो. पोरांनी पट्टी काढू नये म्हणून मोठी माणसं असं काहीतरी सांगतातच.

शुक्रवारी दारं बसवून बघायची होती. त्यासाठी मी पट्टी काढली. चौकट शेडच्या मधोमध दोन विटांवर उभी केली आणि टेकू लावले. दारं बरोबर बसली. ती उतरवून भिंतीला लावली. तेवढ्यात शेजारच्या गिरणीतून मष्णूनं हाक मारली, "आण्णा, भाकरी वाळून चालली की!" आणि मी जेवायला घरी गेलो.

पट्टी ठोकायची राहिली.

२

जेवून आलो तर उंबऱ्याच्या मधोमध लाकूड दबलेलं दिसलं. नखाच्या जाडीएवढं असेल. तळहात फिरवला तेव्हा जास्त कळलं.

माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. त्यामुळं आधी डोळ्यांवर संशय घेतला. स्टीलची मोजपट्टी लावून पाहिली. तिच्याखालून मधल्या भागात उजेड दिसत होता. मग मशीनवर संशय घेतला. सकाळी सँडर, म्हणजे घासायचं मशीन, एका जागी जास्त वेळ दाबला असेन. तसं होतं. वय झालं की हात एका जागी रेंगाळतो.

ऐंशी नंबरचा पेपर लावून सगळा उंबरा सपाट केला. तासभर गेला. जाडी मोजली तर तेवीस सूत. हळहळ वाटली, पण चालून जाणार होतं.

शनिवारी सकाळी कुलूप काढलं आणि आधी उंबराच पाहिला. खड्डा पुन्हा पडला होता, कालच्यापेक्षा खोल.

मी वैतागलो. लाकूड आतून कुजलं असेल म्हणून टोचा मारून पाहिला, टोचा आत जाईना. लाकूड घंटेसारखं खणखणीत होतं. ओल असेल म्हणावं तर सागवान वीस वर्षं वाळलेलं. उंदीर कुरतडतात, पण उंदराच्या दातांचे ओरखडे उठतात. इथं पृष्ठभाग गुळगुळीत होता, पॉलिश केल्यासारखा. जुन्या देवळाच्या पायरीला असतो तसा.

पुन्हा सँडर लावला. पुन्हा धूळ, पुन्हा कंबरेत कळ. काम उरकून मशीन बंद केलं.

मशीन बंद झालं, पण घासल्याचा आवाज चालू राहिला.

सँडर बंद केला तरी त्याची चकती थोडी फिरत राहते हे मला माहीत आहे. म्हणून मी चकतीवर बोट ठेवलं. ती थांबली होती. आवाज येतच होता. शर्र… शर्र… घाईत नसलेलं कुणीतरी पाय ओढत चालल्यासारखा. मी पाच श्वास मोजले. मग तो आवाज दूर गेला. शेडच्या मागच्या बाजूला नाही, चौकटीच्या पलीकडं. मागं भिंत चार हातांवर आहे. आवाज त्याहून लांब गेला.

मष्णूला विचारलं. तो म्हणाला, "आण्णा, साठ वरसं तुमच्या कानाशी मशीन वरडतंय. कानात आता मशीनच बसलंय. होगली बिडरी, सोडून द्या."

मला ते पटलं. पटावं असं वाटत होतं.

३

रविवारी सौम्या स्कूटरवरून आली, पुढं तिची लेक उभी. पोर अडीच वर्षांची. शाळेसाठी तिचं दुसरं नाव ठेवलंय, घरात तिला शालू म्हणतात, माझ्या गेलेल्या बायकोच्या नावानं. शालूबाईला जाऊन सहा वर्षं झाली. पोर तिच्यासारखीच डोकं एका बाजूला कलतं करून बघते, मग माझं काम थांबतं.

"झाली की गं चौकट," मी म्हणालो. "उंबऱ्याचं तेवढं घासणं ऱ्हायलंय."

"आज्जा, तू तीन दिस झालं घासतोयास. दार करतोयास का पापड?" सौम्या मोबाईलनं फोटो काढत म्हणाली. "गवंड्याचे फोन येतायत मला. गुरुवारी चौकट न्हाय मिळाली तर त्यो दुसऱ्या कामावर जाणार."

आम्ही बोलत असताना पोर चौकटीतून गेली. मी पाहिलं ते पाठमोरं. एक पाय उंबऱ्यावर ठेवला, दुसरा पलीकडं टाकला.

"शालू, उंबऱ्यावर पाय द्यायचा न्हाय," सौम्या सवयीनं म्हणाली.

पोर पलीकडं उभी राहिली. समोर भिंतीला टेकवलेल्या फळ्या होत्या, त्यांच्याकडं मान वर करून बघत होती, मोठ्या माणसाच्या तोंडाकडं बघावं तसं. मग ती कडेनं, चौकटीला वळसा घालून आमच्याकडं आली.

चौकटीतून परत आली नाही. हे मी तेव्हा पाहिलं, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

४

सोमवारी उंबऱ्यावर दोन खड्डे होते.

मोठा होता तिथंच होता. त्याच्या उजव्या बाजूला, वीतभर अंतरावर, दुसरा उथळ खड्डा. माझी तीन बोटं त्यात मावली, चौथं मावेना.

मी स्टूल ओढून बसलो. सँडर हातात घेतला नाही. पहिल्यांदाच नीट बघितलं. दुरुस्त करायचं मनात नव्हतं, नुसतं बघितलं.

मी शेकडो जुने उंबरे काढून नवे बसवलेत. वापरातला उंबरा दोन्ही कडांनी सारखा झिजतो, कारण माणूस आत जातो तसा बाहेरही येतो. हा पुढच्या कडेलाच झिजला होता. मागची कड सुरीसारखी धारदार, मी ठेवली होती तशीच. इथून कुणीतरी नुसतं आत जात होतं. रोज, वर्षानुवर्षं जात असावं तसं. आणि पट्टी काढून चार दिवस झाले होते.

खरं सांगतो, दोन दिवस माझ्या मनात आलं होतं की ही शालूबाई असेल. तसं असतं तर मी उंबरा तसाच ठेवला असता. पण शालूबाईनं आयुष्यात कधी उंबऱ्यावर पाय दिला नाही. शेवटच्या वर्षी तिला चालवत नव्हतं, तेव्हाही ती माझ्या खांद्याला धरून उंबरा ओलांडायची. आपल्याकडं कुठलंच माणूस उंबऱ्यावर पाय देत नाही. हे जे काही होतं, त्याला उंबरा काय असतो तेच माहीत नव्हतं.

मी पट्टी शोधली आणि दोन इंची चार स्क्रू मारून तिरकी बसवली. जेवून आलो. पट्टी जागेवर होती. छोटा खड्डा मात्र आणखी खोल गेला होता.

संध्याकाळी पाचला सौम्याचा व्हिडिओ कॉल आला. हसत होती.

"आज्जा, हिचं नवं खूळ बघ. काल तुझ्याकडनं आल्यापास्नं चाललंय."

तिनं फोन फिरवला. त्यांच्या भाड्याच्या घरातली खोली, टीव्ही चालू, खाली फरशी. पोर स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येत होती, हळूहळू. तिचा डावा हात वर उचललेला होता आणि मूठ मिटलेली. चालायला शिकताना लेकरं मोठ्या माणसाचं बोट धरतात तशी. दाराशी आल्यावर ती थांबली. जरा वेळ गेला. आधी दुसऱ्या कुणाला जाऊ द्यावं तेवढा. मग ती दारातून आली.

"झोपतानाबी हात वरच," सौम्या म्हणाली. "युवराज म्हणतोय ड्यान्सर हुणार."

मी तो वर धरलेला हातच बघत राहिलो. सौम्याला वाटलं रेंज गेली. तिनं फोन ठेवला.

५

मंगळवारी मी मष्णूला सगळं सांगितलं. त्यानं चेष्टा केली नाही. गिरणीचा पट्टा थांबवून तो शेडच्या दारापर्यंत आला, तिथूनच चौकट बघितली, आत आला नाही.

"तुकडं करून जाळून टाका," म्हणाला. "मी येतो लागल तर."

मी कटर लावला. चकती गरगरली. उजव्या उभ्यावर दीड फुटांवर खूण केली. चकती लाकडाला टेकणार तेवढ्यात मनात आलं, पोर हिच्यातून आत गेलीय. अजून बाहेर आलेली नाही. ही मोडली तर ती कुठून येणार?

मी कटर बंद केला. आपण काय विचार करतोय याचीच मला लाज वाटली. पोर घरी होती, दूधभात खात होती, मी डोळ्यांनी बघितली होती. तरीही कटर पुन्हा लावायला हात धजेना.

दुपारी सौम्याला फोन केला.

"उद्या शालूला घेऊन ये. पाच मिनटं."

"कशाला?"

"चौकटीतनं एकदा पलीकडनं अलीकडं चालवायची हाय."

ती म्हणाली, "आज्जा, मुहूर्त परवा हाय. दारं पॉलिश व्हायची हायत. गवंडी माझं डोकं खातोय. आणि तू मला हे सांगतोयास?"

"व्हय."

"मी नर्स हाय, आज्जा. असलं काय मला सांगू नगो."

"मी कवा तुझ्याकडं काय मागितलंय गं?"

मी हळू बोलतो, त्यामुळं माणसं मधेच बोलतात. या वेळी तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ड्यूटीला जाताना येते. पाच म्हंजे पाचच."

६

बुधवारी साडेबाराला ती आली. ऊन कडक होतं. माझ्या पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोकं आहेत, त्यातून उन्हाचे दांडे खाली उतरतात आणि त्यात लाकडाची धूळ तरंगत असते. एक दांडा त्या वेळी बरोबर चौकटीच्या मधून पडला होता.

पोर स्कूटरवरून उतरली तीच डावा हात वर करून.

मी पट्टी काढून ठेवली होती. पोरीला कडेनं चौकटीमागं नेलं. सौम्याला पुढं उभं केलं.

"बोलव आता."

"शालू, ये इकडं. चल, बिस्किट देते."

पोर हलली नाही. तिनं मान वर करून बाजूला बघितलं. विचारल्यासारखं. मग आईकडं बघून म्हणाली, "सोडत न्हाय."

"कोण सोडत न्हाय गं?" सौम्यानं हसून विचारलं. पण हसू तोंडावरच राहिलं.

पोरीच्या मिटलेल्या मुठीची बोटं पांढरी पडली होती. लेकरू स्वतः एवढं घट्ट धरत नाही. मी जवळ जाऊन बघितलं, तिच्या मनगटाची कातडी किंचित आत दबलेली होती.

गुडघे दुखत होते, तरी मी तिच्याशेजारी उकिडवा बसलो. माझ्या डाव्या हाताचं बोट पुढं केलं, तिच्या मुठीच्या जरा वर.

"हिला सोड," मी म्हणालो. "हे धर. मला कुठं जायची घाई न्हाय."

"आज्जा, कुणासंगं बोलतोयास?"

चौकटीतला उन्हाचा दांडा मधोमध तुटला. वरचा तुकडा दिसत होता, खालचा दिसत होता, मधला हातभर नव्हता. आडवं कुणी आलं की होतं तसं. मग तो पुन्हा सांधला.

पोरीचा हात खाली आला. ती धावत सुटली, उंबऱ्यावर एक पाय देऊन पलीकडं गेली आणि आईच्या पायाला जाऊन बिलगली. दोन्ही हातांनी.

माझ्या बोटाला काहीतरी लागलं होतं. थंड नव्हतं. नुकतंच घासलेलं लाकूड असतं तसं, कोमट आणि कोरडं.

मी उठलो. पट्टी तिरकी लावली आणि ती गुडघ्यानं दाबून एका हातानं ड्रिल चालवलं. चारही स्क्रू असेच मारले. दुसरा हात मोकळा नव्हता.

सौम्या पोरीला कडेवर घेऊन शेडच्या दारात उभी होती. तिचं तोंड उतरलं होतं. पण बोलली ती रागानं.

"अडीच वर्षांचं लेकरू हाय ते. त्याच्या डोक्यात काय काय भरवतोयास तू?"

"चौकट मी देत न्हाय," मी म्हणालो. "ग्रॅनाइटची आणा."

"आता? मुहूर्त उद्या असताना?"

तिनं स्कूटर चालू केली. पोर मागं वळून मला बघत होती, डोकं एका बाजूला कलतं करून. मग तिनं मला टाटा केला. डाव्या हातानं.

७

गुरुवारी त्यांनी तयार चौकट बसवली. मला निरोप आला नाही. महिनाभर सौम्या माझ्याशी बोलली नाही. मग एके दिवशी युवराज पोरीला घेऊन आला. पोर शेडभर हुंदडली. दोन्ही हातांनी भुसा उधळला, दोन्ही हात फ्रॉकला पुसले. मी नुसता बघत बसलो. नव्या घराचं दार मी अजून पाहिलेलं नाही. माझ्या हातचं तिथं काही नाही, याचं वाईट वाटतं. वाटणारच.

चौकट कोपऱ्यात उभी आहे, पट्टीसकट. मष्णू रोज विचारतो, "कधी जाळायची?" मी म्हणतो, बघू. कारण ती मोडली तर काय होईल हे मला माहीत नाही. आणि माझं बोट अजून मोकळं झालेलं नाही. चहाला जाताना, भाकरी खाताना, त्याला ती कोमट पकड असते. एका हातानं काम करायची सवय होत आलीय. सांधे तेवढे पहिल्यासारखे बसत नाहीत. त्यानं चिडचिड होते.

उंबऱ्यावरचा छोटा खड्डा त्या बुधवारनंतर वाढला नाही. मी रोज तीन बोटं घालून बघतो. तेवढाच आहे.

पण त्याच्याही उजवीकडं, मोठ्या माणसाच्या पावलाएवढा, नवा खड्डा पडू लागलाय. तोही पुढच्या कडेलाच. बाहेरच्या बाजूनं जास्त झिजलेला. ते बघून मी पायातली चप्पल काढली आणि उलटी केली. माझी टाच लहानपणापासून बाहेरच्या अंगानं झिजते. चुलता त्यावरून हसायचा.

मी त्या चौकटीतून एकदाही गेलेलो नाही. उंबऱ्यावर तर मी जन्मात पाय दिला नाही.

सुरुवातीला दोनदा सँडर लावून तेवढा भाग सपाट केला. मग सोडून दिलं. घासलं की जाडी कमी होते, आणि खड्डा दुसऱ्या दिवशी होताच. आता सकाळी कुलूप काढलं की मेन स्विच, झाडू, उदबत्ती, आणि मग टेप घेऊन उंबरा मोजायचा, जिथं सगळ्यात खोल आहे तिथं.

चोवीस सुतांचा होता. आज अकरा भरला.